बटण दाबायला घरी कोणीतरी हवं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार दारं आहेत. दोन कायम बंद असतात, त्यांची माणसं जर्मनीत. उरलेल्या दोहोंपैकी एक माझं आणि समोरचं वेतुरिया क्रिशानचं. मी घरी बसून लोकांच्या विजारी आखूड करते, चेनी बदलते, कोटांना अस्तरं लावते. माझं मशीन दाराशेजारच्या खोलीत आहे, त्यामुळे समोर कोण आत गेलं आणि कोण बाहेर पडलं हे मला न बघताही कळतं. मधली काही वर्षं त्या दारातून बाहेर पडणारं माणूस एकच होतं, आणि तेही पावाच्या दुकानापलीकडे जात नव्हतं.

वेतुरिया मोश्ना गावची. अठराव्या वर्षी इथे मेदियाशला आली ती एनॅमलच्या कारखान्यात. पातेली, किटल्या, बादल्या रंगाच्या घोळात बुडवायच्या, वर उचलायच्या, मनगटाला एक झटका देऊन जास्तीचा रंग झाडायचा आणि भट्टीकडे सरकणाऱ्या आकड्याला टांगायच्या. सगळी नोकरी तिने हेच केलं. तो झटका तिच्या मनगटात अजून आहे. ओला टॉवेलसुद्धा ती तसाच झाडते.

नवरा वालेर गॅसच्या मोठ्या नळांवर वेल्डर होता. उंच, रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. नळ टाकायचं काम डोंगरात कुठेकुठे चालायचं. गेला की तीन-तीन आठवडे येत नसे. त्या दिवसांतली वेतुरिया मला चांगली आठवते. बुधवारी चर्चच्या गाण्याच्या तालमीला जायची, मुलीला घेऊन नदीवर जायची, जिन्यात उभी राहून तासभर हसायची. वालेर आला की घर आवरायची, मांस शिजवायची, तो गेला की पुन्हा तिचं तिचं.

मग वालेर निवृत्त झाला आणि कायमचा घरी आला. घरी बसलेल्या पुरुषाला काहीतरी ताब्यात घ्यावंच लागतं. वालेरने सगळंच घेतलं. दिवा कोणी कधी बंद करायचा, कोबी किती मिठात घालायचा, खिडकी किती उघडायची. रात्री दाराला कुलूप घालून किल्ली बंडीच्या वरच्या खिशात ठेवायची त्याची सवय होती. हळूहळू दिवसाही कुलूप लागायला लागलं. दुसरी किल्ली माझ्याकडे असायची, अडीनडीला. ती त्याने एक दिवस येऊन मागून नेली, आणि पुन्हा ती कोणाला दिसली नाही.

"हरवली तर?" मी म्हटलं.

"म्हणूनच," तो म्हणाला.

बॉयलरही त्याचाच. घरं तापवायला गरम पाणी पुरवणारा गावातला मोठा कारखाना बंद पडला त्या वर्षी सगळ्यांच्या खोल्यांतले रेडिएटर गार झाले आणि प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर टांगला. आम्ही दर वर्षी कंपनीचा माणूस बोलावून त्याची सर्व्हिसिंग करून घ्यायचो. वालेर मात्र स्वतःच उघडायचा, ब्रशने झाडायचा, फुंकर मारायचा, पुन्हा लावायचा. त्याच्या घरी दुसरा कोणी पाना घेऊन येणं हा त्याला अपमान वाटे.

"आयुष्यभर गॅसमध्ये काढलं मी," म्हणायचा. "हा कालचा पोरगा येऊन मला बर्नर शिकवणार?"

लकव्याचा झटका यायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याने स्वयंपाकघराची बाल्कनी काचांनी बंद केली. चौकट स्वतः कापली, स्वतः जोडली. बॉयलरची धुराची नळी भिंतीतून बाल्कनीत निघायची. ती त्याने आणखी एक तुकडा जोडून नव्या काचेपलीकडे बाहेर काढली. झाल्यावर जिन्यातल्या सगळ्यांना बोलावलं, आलुबुखारची दारू दिली. खरंच देखणं काम होतं. मीही कौतुक केलं. सप्टेंबरात तो सकाळी दाढी करता करता न्हाणीघरात पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. आवाज तेवढा राहिला.

तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून असे. वेतुरिया त्याला उठवायची, बसवायची, भरवायची, न्हाणीघरात न्यायची. बंडीच्या खिशातली किल्ली मात्र तिथेच होती. तिला बाहेर जायचं असलं की ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहायची. भिंती पातळ आहेत आमच्या, मला सगळं ऐकू यायचं.

"कुठे?"

"पावाला."

"किती वेळ?"

"रांग असेल तेवढा."

"आणि हा विझला तर?"

हा म्हणजे बॉयलर. त्या हिवाळ्यापासून तो विझायला लागला होता. नीट चालता चालता आत खडखडायचं, लाल दिवा लागायचा आणि सगळं गार. मग बटण दाबून धरायचं, थांबायचं, की पुन्हा भडका घेऊन सुरू. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा. मग रोज. मग दिवसातून कितीतरी वेळा. शिवाय पाण्याचा दाब उतरायचा, खालची तोटी उघडून काटा वर आणावा लागे. वालेर खुर्चीतून उठू शकत नव्हता, आणि गार खोलीत त्याचा उजवा पाय ताठून जायचा, मग तो ओरडायचा. त्यामुळे बटण दाबायला घरी कोणीतरी हवं. ते कोणीतरी म्हणजे वेतुरिया.

तालीम सुटली. बाजार सुटला. तिची बहीण लेतिझिया सेबेशला राहते, बसने दीड-दोन तासांवर. तिच्या नातवाचं बारसं झालं, वेतुरिया गेली नाही. लेतिझिया आजारी पडली, वेतुरिया गेली नाही. "कशी जाऊ, शेजारणी?" मला म्हणायची. "घरात दोन म्हातारे आहेत. एकाला सोडता येईल, दोघांना कसं सोडू?"

मी म्हटलं, "दुसऱ्याला दुरुस्त करून घे."

"तू सांग त्याला."

मी सांगून पाहिलं. वालेर म्हणाला, "फेलिचिया, तू चेनी बदल."

तिचं डोकं दुखायचं. सकाळी बाल्कनीत बसून बटाटे सोलले, कपडे वाळत घातले, की कपाळ जड व्हायचं, मळमळायचं. ती म्हणायची, रक्तदाब असेल. वालेर म्हणायचा, हवा बदलतेय. दोन्ही पटण्यासारखं होतं, म्हणून कोणी पुढे विचार केला नाही.

मग डिसेंबरात खाली दारावर नोटीस लागली. ज्यांनी बॉयलरची ठरलेली तपासणी करून घेतलेली नाही त्यांचा गॅस तोडण्यात येईल. वेतुरियाने ती वाचली, पावाची पिशवी घेऊन तशीच माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"फोन करू दे तुझ्याकडून. तिथे तो ऐकतो."

मग आमचे फोन सुरू झाले. पहिल्या ठिकाणी एका बाईने विचारलं, तपासणी हवी की सर्व्हिसिंग? वेतुरिया म्हणाली, दोन्ही. बाई म्हणाली, आधी सर्व्हिसिंग झालेली हवी, त्याशिवाय आम्ही तपासणी करत नाही. दुसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, आधी तपासणीचा कागद दाखवा, ज्या बॉयलरची तपासणी नाही त्याला आम्ही हात लावत नाही. वेतुरियाने त्याला पहिल्या बाईचं म्हणणं सांगितलं. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "मग मी काय करू?" तिने विचारलं. तो म्हणाला, "नवीन घ्या."

तिसऱ्याला मॉडेल विचारायचं होतं. तिने सांगितल्यावर तो इतका हसला की फोन तिला लांब धरावा लागला. "बाई, त्याचे भाग आता संग्रहालयातसुद्धा मिळणार नाहीत."

चौथा सरळ यायला तयार झाला. "सकाळी आठ ते संध्याकाळी चार, कोणीतरी घरी असेल ना?"

"असेल," वेतुरिया म्हणाली. "मी असतेच."

तो आला, दारातून वालेरचा आवाज ऐकला, "कोण आहे? कोणी बोलावलं? माझ्या घरात कोणी बोलावलं?" आणि पायरीवरूनच परत फिरला. जाताना मला म्हणाला, "मावशी, बॉयलर खवळलेला मी पाहिलाय. मालक खवळला की मी थांबत नाही."

त्या दिवशी वालेर वेतुरियाशी जेवेपर्यंत बोलला नाही, आणि जेवताना म्हणाला, "माझ्या पाठीमागे?"

"तू समोर बसलेला असतोस सारखा," ती म्हणाली. "पाठीमागे जायला जागा कुठाय?"

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तिर्नावा नदी काठाकाठाने गोठली, आणि बॉयलर तासातासाला विझायला लागला. वेतुरिया स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसून राहायची. माझ्या एका गिऱ्हाइकाचा जावई हे काम करायचा, सिलार्द नावाचा. हंगेरियन, शांत, चाळिशीचा. त्याला मी सगळं आधीच सांगितलं: म्हातारा ओरडेल. तो म्हणाला, "माझा सासरा याहून ओरडतो. येतो मी दुपारी."

पुढचं मला काही दाराबाहेरून कळलं, काही वेतुरियाने नंतर सांगितलं.

सिलार्द आला तेव्हा वालेरची जेवणानंतरची झोप चालू होती. किल्ली तिने पाव आणायच्या निमित्ताने मागून घेतलेली होती. सिलार्दला आत घेतल्यावर तिने सवयीने दार लावलं, कुलूप फिरवलं आणि सवयीनेच किल्ली नेऊन वालेरच्या खिशात ठेवली. "का ठेवलीस?" मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "हातच आपोआप तिकडे गेला."

सिलार्दने आधी बॉयलरकडे पाहिलं, मग बाल्कनीत गेला, मग खिशातून विषारी वायू ओळखणारं एक छोटं यंत्र काढलं. ते कर्कश वाजायला लागलं. त्याने बॉयलरची गॅसची तोटी बंद केली आणि स्वयंपाकघराच्या, बाल्कनीच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"अहो, काय करताय? बाहेर बर्फ आहे!"

"काकू, तुमचं डोकं दुखतं का?"

वेतुरियाचा हात कपाळाकडे गेला.

त्याने तिला बाल्कनीत नेऊन दाखवलं. वालेरने धुराच्या नळीला जोडलेला तुकडा सांध्यात सैल झाला होता. वरची चकचकीत पट्टी उष्णतेने सुटून लोंबत होती. धूर बाहेर न जाता बंद बाल्कनीत साठत होता, थोडा स्वयंपाकघरात येत होता, आणि बॉयलर ज्योतीला लागणारी हवा त्याच बाल्कनीतून ओढत होता. "स्वतःचाच धूर पुन्हा आत घेतोय," सिलार्द म्हणाला. "म्हणून विझतो. विझतो म्हणून तुम्ही जिवंत आहात."

यंत्राच्या आवाजाने वालेर जागा झाला. गार हवेची झुळूक त्याच्यापर्यंत पोचली होती.

"वेतुरिया! खिडकी कोणी उघडली?"

सिलार्द स्वतः बाहेरच्या खोलीत गेला. टोपी काढली, नाव सांगितलं, आणि जसं आहे तसं सांगितलं. नळी चुकीची जोडलीय. बॉयलर आतून काजळलाय. तो आता चालू करता येणार नाही, मला त्याला सील लावावं लागेल. नवीन बसवायचा तर बाल्कनीची एक काच तरी काढावी लागेल.

"चुकीची?" वालेर म्हणाला. "चुकीची? पोरा, हा हात बघ. या हाताने जोडलेले नळ डोंगराखालून गेलेत, त्यांच्यावरून आगगाड्या जातात. आणि हा म्हणतो चुकीची."

"काका, तुमच्या नळांबद्दल मी बोलत नाही. या सांध्याबद्दल बोलतोय."

"तोटी उघड."

"नाही उघडता येणार."

"उघड, नाहीतर तू या घराबाहेर जाणार नाहीस." वालेरने डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि मुठीत आवळली.

सिलार्दला आधी गंमत वाटली. त्याने दाराचा कडी-कोयंडा हलवून पाहिला, परत आला. "काका, मला अजून दोन घरी कामाला जायचंय."

"मग तोटी उघड आणि जा."

अर्धा तास असाच गेला. मला समोरून आवाज ऐकू येत होते, म्हणून मी दाराशी गेले. "वेतुरिया, काय झालं?"

तिचा आवाज दाराच्या फटीतून आला. "काही नाही, शेजारणी. आम्ही कोंडलोय."

"पोलिसांना बोलावू?"

"नको! जिनाभर लोक जमतील. नको."

"मग त्या माणसाला म्हणावं, किल्ली काढून घे!"

आतून सिलार्दचा आवाज आला. "मावशी, मी लकवा झालेल्या माणसाच्या मुठीतून काही ओरबाडणार नाही. उद्या गावभर तेच सांगतील."

आत घर गार होत चाललं होतं. खिडक्या उघड्याच होत्या, सिलार्द त्या लावू देत नव्हता. वालेरच्या पायावर वेतुरियाने दोन घोंगड्या टाकल्या. त्याने त्यातली एक फेकून दिली. सिलार्द कोट घालून स्वयंपाकघरात बसला, तिने त्याला पाव आणि आलुबुखारचा मुरंबा दिला. त्याचा फोन वाजला. तो म्हणाला, "उशीर होईल. हो, कामातच अडकलोय. नाही, खरंच अडकलोय." फोन ठेवून त्याने कपाळ चोळलं. उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"काकू, मला असं बंद जागेत बसवत नाही. जीव घुसमटायला लागलाय माझा."

वेतुरिया मला म्हणाली, तेव्हा तिला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी ती हसतच राहिली, आणि सिलार्दला वाटलं हिच्या डोक्यात धूर चढलाय.

"तुम्हाला इतक्यात?" ती म्हणाली. "आत्ता तर आलात."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली. "वेतुरिया."

हाक वेगळी होती, हलक्या आवाजातली. त्या वेळी रोज ती त्याला उठवून न्हाणीघरात न्यायची. वेतुरिया खुर्चीतून अर्धी उठली, आणि पुन्हा बसली.

"वेतुरिया. चल लवकर."

ती उठली नाही. सिलार्द अस्वस्थ झाला. "काकू, ते बोलावतायत."

"ऐकू येतंय मला." मग तिने तिथूनच मोठ्याने सांगितलं, "किल्ली खाली टाक, मग येते."

तिकडून शिवी आली. मग काहीच नाही. मग पुन्हा हाक, अगदी वेगळ्या सुरात. ती टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत बसली. सिलार्द म्हणाला, "काकू, राहू दे किल्ली. मी बसतो इथे. जा तुम्ही." तिने नकाराची मान हलवली. ती मला म्हणाली, "फेलिचिया, मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं. तेच भयंकर होतं. मी नुसती बसले होते, आणि बसून बरं वाटत होतं."

बऱ्याच वेळाने फरशीवर काहीतरी खणकन पडलं.

ती धावली. किल्लीवरून पाय टाकून त्याच्याकडे गेली. उशीर झाला होता. घोंगडी, विजार, खुर्चीची गादी, सगळं भिजलं होतं. वालेरने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तिने खोलीचं दार लोटून घेतलं, पाणी तापवत बसायला वेळ नव्हता, म्हणून गारच पाणी आणलं, त्याचे कपडे बदलले. एवढा वेळ किल्ली फरशीवर तशीच पडलेली होती. सिलार्दला हात लांब करून घेता आली असती. तो स्वयंपाकघरातच, दाराकडे पाठ करून उभा राहिला.

ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "काकू, सील तरी लावावंच लागेल मला."

"लावा," ती म्हणाली.

जाताना तो खोलीच्या दारात थांबला. वालेरने मान वळवली नाही. "काका," सिलार्द म्हणाला, "तुमची चौकट एक नंबर आहे. एवढी सरळ काच मी कुठे पाहिली नाही. नळी तेवढी चुकली. काकू रोज त्या धुरात बसायच्या."

तो गेल्यावर मी माझा विजेचा हीटर घेऊन गेले. दार उघडंच होतं. वालेर घोंगडीत गुंडाळून बसला होता, वेतुरिया गादी धूत होती. मी हीटर लावला. मी आहे हे वालेरच्या लक्षात नसावं, किंवा असून चालत असावं.

"डोकं दुखतं हे तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"रोज."

त्याने डाव्या हाताने घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाला, "मला वाटलं, हवा."

पुढचे काही आठवडे दोघं एकाच खोलीत राहिले. बाकीच्या खोल्यांची दारं बंद, फटींना चिंध्या, मधोमध माझा हीटर. एका भिंतीशी त्याची खुर्ची, दुसऱ्या भिंतीशी तिचा पलंग, मध्ये वाळत घातलेले कपडे. जेवण तिथेच, आंघोळ तिथेच परातीत, झोप तिथेच. ती माझ्याकडे यायची तेव्हा फक्त उभी राहायची, आमच्या गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून. "आणखीच कोंडली गेलीस बघ," मी एकदा म्हटलं. "पूर्वी तीन खोल्यांत होतीस." ती म्हणाली, "पूर्वी बटण होतं. आता तेही नाही. विझतच नाही काही, तर उठू कशाला?"

त्या आठवड्यांत वालेर तिच्यावर एकदाही ओरडला नाही. मला वाटलं, बरं झालं. तिला वाटत नव्हतं. "तो ओरडला की तो आहे हे कळतं," म्हणायची. "आता तो माझ्याकडे बघतो फक्त. रात्री जाग आली की बघत असतो. मी श्वास घेतेय का ते बघतो असं वाटतं."

नवीन बॉयलरची तजवीज मुलीने, लावीनियाने, जर्मनीतल्या न्यूर्नबर्गहून केली. बसवायला सिलार्दच आला. काच काढायची वेळ आली तेव्हा वालेर म्हणाला, मला तिकडे न्या. आम्ही तिघांनी त्याला खुर्चीसकट स्वयंपाकघरात नेलं. डाव्या हाताच्या बोटाने तो दाखवत राहिला, आधी खालची पट्टी, मग बाजूची, हळू, रबर फाडू नका. काच अखंड निघाली. सिलार्दने ती भिंतीला टेकवून ठेवली. नळी बाहेर गेली, बॉयलर लागला, घर तापायला लागलं. वालेर म्हणाला, "फ्रिजसारखा गुणगुणतो हा." पण तोटी, सांधा, सगळं त्याने सिलार्दला पुन्हा विचारलं, आणि सिलार्दने पुन्हा सांगितलं.

वेतुरियाची डोकेदुखी गेली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली ती कुलूपवाल्याकडे. दोन किल्ल्या करून आणल्या. एक माझ्याकडे दिली, एक स्वतःच्या पिशवीत ठेवली. वालेरची वालेरला दिली. त्याने ती घेऊन बंडीच्या खिशात टाकली. एवढ्यावर भागलं.

मला वाटलं, आता ही सुटली. बॉयलर विझत नाही, दार उघडतं, तालमीला जाईल, गावभर फिरेल. पण ती पावाच्या दुकानापर्यंत जायची आणि परत यायची. चौकात बाकावर जाऊन बस म्हटलं, तर जाऊन बसली, आणि मी मशीनवर एक विजारसुद्धा संपवली नव्हती तोवर पावलं जिन्यात वाजली. "काय झालं?" "काही नाही. बसले. सारखं वाटत होतं, लाल दिवा लागला असेल." बॉयलर होता तोवर तिला न जायला कारण होतं. आता कारण नव्हतं आणि तरी जाता येत नव्हतं, हे तिला जास्त लागलं. कितीतरी दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही.

मे महिन्यात लेतिझियाचं ऑपरेशन ठरलं, आणि मी हट्टच धरला. एक रात्र. वालेरजवळ मी थांबते. वेतुरियाने मला सगळं तीनदा समजावलं, सूप कुठे, गोळ्या कुठल्या, त्याला उठवताना कुठल्या बाजूने धरायचं. कोट घालून ती त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिली, किल्ली तिच्याच पिशवीत असूनही.

"कुठे?" वालेर म्हणाला.

"लेतिझियाकडे."

"किती वेळ?"

"उद्या येईन."

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला, "कोट पातळ आहे."

संध्याकाळपासून तो मला विचारत होता, बस पोचली असेल का. मग बॉयलरचा काटा बघून ये म्हणाला. मी बघून आले. थोड्या वेळाने पुन्हा. झोपेपर्यंत मी तो काटा इतक्यांदा पाहिला की शेवटी न उठताच सांगायला लागले, जागेवर आहे. "तू बघितलास का पण?" तो म्हणाला. मग उठून बघितला.

दुसऱ्या दिवशी वेतुरिया दुपारी यायची होती. दुपार गेली. वालेरने जेवण अर्धं टाकलं. उन्हं उतरल्यावर जिन्यात तिची पावलं आली आणि मी दार उघडून बाहेर गेले. ती कठड्याला धरून उभी होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"लेतिझिया बरी आहे?"

"बरी आहे."

"मग एवढा उशीर? तो जिवाला घोर लावून बसलाय आत."

"बस आली होती वेळेवर," ती म्हणाली. "दार उघडलं ड्रायव्हरने. मी चढलेच नाही. त्याने विचारलं, मावशी, यायचंय ना? मी म्हटलं, नाही. ती गेली. मग मी थांब्यावर बसून राहिले. ऊन छान होतं. पुढची आली, तिच्यात बसले."

"का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. आतून वालेरने हाक मारली, कोण आहे, कोण आलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, डोक्याचा रुमाल सोडून मानेवरचा घाम पुसला, आणि माझ्याशी लेतिझियाच्या टाक्यांबद्दल आणखी थोडं बोलत उभी राहिली. मग आत गेली.